जपानी हिरवा चहा : प्रकार, प्रांत आणि ऑनलाइन खरेदी

'ग्रीन टी' हा शब्द मराठी घरांत रुळला तो मुख्यतः कागदी पिशव्यांच्या रूपाने. उकळत्या पाण्यात बुडवायची, चवीला कडवट लागणारी आणि तब्येतीसाठी म्हणून नाक मुरडत प्यायची अशी ती वस्तू. त्याआधी हिरवा चहा म्हटले की परसातला गवती चहा आठवत असे, आणि त्याचा चहाच्या झाडाशी कोणताही वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. परदेशात स्थायिक झालेल्या अनेकांना जपानी चहाची खरी ओळख होते ती एखाद्या जपानी सहकाऱ्याने भेट दिलेल्या पाकिटातून. ते पाकीट संपल्यावर ऑनलाइन शोध सुरू होतो आणि तिथेच गोंधळही सुरू होतो. शंभर ग्रॅमला दहा डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंतच्या किमती, अनोळखी जपानी नावे, प्रत्येक पाकिटावर 'अस्सल', 'सर्वोत्तम', 'पारंपरिक' अशी विशेषणे. या विशेषणांपैकी बहुतेकांना कायद्याचा आधार नाही. ज्या तपशिलांवरून चहाची पारख खरोखर करता येते, ते तपशील मात्र पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतात, किंवा मुळीच नसतात.

वाफेचे महत्त्व

काळा चहा, हिरवा चहा आणि ऊलाँग हे तिन्ही एकाच झाडाच्या पानांपासून होतात. खुडलेले पान तसेच ठेवले तर हवेतील प्राणवायूच्या संयोगाने ते काळे पडते आणि आसाम किंवा निलगिरीचा आपला परिचित चहा तयार होतो. पान लगेच तापवले की ही क्रिया थांबते व पान हिरवे राहते. चीनमध्ये यासाठी पाने बहुधा कढईत परततात, तर जपानमध्ये ती वाफवतात. जपानी चहाचा गडद हिरवा रंग, समुद्रशेवाळाची आठवण करून देणारा वास आणि भरदार चव यांचे मूळ या वाफेत आहे.

चहाचे बी चीनमधून जपानमध्ये आणून त्याचा प्रसार करण्याचे श्रेय परंपरेने ११९१ मध्ये परतलेल्या एइसाइ या झेन भिक्षूला दिले जाते. आज जपानमध्ये रोज प्यायला जाणारा सेंचा मात्र त्यामानाने बराच अर्वाचीन आहे. उजीजवळच्या उजितावारा येथील नागातानि सोएन याने १७३८ मध्ये कोवळी पाने वाफवून, तापलेल्या पृष्ठभागावर हाताने वळून वाळवण्याची पद्धत सिद्ध केली. तो हा चहा घेऊन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला आणि तेथील यामामोतो काहेइ या व्यापाऱ्याने तो विकायला घेतला. दुकानदाराने नाव करून दिल्यावर माल देशभर पोहोचावा, ही गोष्ट चहाच्या बाबतीत अडीचशे वर्षांपूर्वीही खरी होती.

नावांचा अर्थ

जपानी चहाचे प्रकार मुख्यतः तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरतात: झाड उन्हात वाढले की सावलीत, पान केव्हा खुडले, आणि खुडल्यावर त्याचे काय केले.

उन्हात वाढलेल्या कोवळ्या पानांचा सेंचा होतो. खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे मळ्यावर गवताचे छप्पर किंवा शेडनेट टाकून ऊन अडवले तर ग्योकुरो होतो, आणि एक ते दोन आठवडे अडवले तर दोहोंच्या मधला काबुसेचा. सावलीने नेमके काय घडते हे समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण किमतीतला मोठा फरक तिथून येतो. मुळांतून पानांत येणारे थिआनिन हे अमिनो आम्ल चवीला गोडसर, भरीव असते. ऊन मिळाले की त्याचे रूपांतर कॅटेचिनमध्ये, म्हणजे तुरटपणात होत जाते. ऊन अडवले तर थिआनिन टिकते आणि पान अधिक हिरवे होते. १९४९ मध्ये जपानी संशोधकांनी थिआनिन प्रथम वेगळे काढले ते ग्योकुरोच्याच पानांतून. या चवीला जपानी भाषेत उमामी म्हणतात. मराठीत तिला नेमका शब्द नसला तरी ती अनोळखी नाही: कोकणातल्या घरांत आमटीत सोडे पडले की जी जिभेवर रेंगाळणारी गोडसर चव येते, ती त्याच कुळातली.

ग्योकुरोप्रमाणेच सावलीत वाढवलेली पाने वाफवून, न वळता तशीच वाळवली आणि शिरा-देठ काढून टाकले की तेंचा होतो. तो ग्रॅनाईटच्या जात्यावर दळला की माचा. माचाविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

उरलेले प्रकार स्वस्त आहेत आणि त्यामुळे ऑनलाइन दुकानांत मागच्या रांगेत असतात, पण दुधाच्या चहावर वाढलेल्या माणसाला कदाचित तेच अधिक आवडतील. होजिचा म्हणजे भाजलेला चहा: रंगाने तपकिरी, वासाने खरपूस, कडवटपणा जवळजवळ नाही. तो उकळते पाणी सोसतो, दूध घातले तरी बिघडत नाही. गेनमाइचामध्ये हिरव्या पानांबरोबर भाजलेला तांदूळ असतो, काही दाणे फुटून लाह्या झालेले. जेवणाबरोबर प्यायला तो उत्तम. कुकिचा हा कोवळ्या देठांचा, हलका व गोडसर चहा, आणि ग्योकुरोच्या देठांपासून केलेला कारिगाने हा तर चोखंदळांचा स्वस्तातला सौदा मानला जातो. बांचा म्हणजे मोसमाच्या उत्तरार्धातील मोठ्या, जून पानांचा साधा घरगुती चहा.

माहितीच्या चौकटीत काय असावे

चांगला विक्रेता ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तो चहाविषयी किती विशेषणे लिहितो यापेक्षा किती नामे लिहितो हे पाहणे. प्रांत, गाव, झाडाची जात, खुडणीचा महिना व वर्ष, वाफवण्याचा प्रकार: यांपैकी तीन-चार गोष्टी जिथे स्पष्ट दिलेल्या असतात, तिथे विक्रेत्याला आपला माल माहीत असतो. 'जपानचा उत्कृष्ट हिरवा चहा' एवढेच जिथे लिहिलेले असते, तिथे तो बहुधा माहीत नसतो, किंवा सांगण्यासारखा नसतो.

प्रांतापासून सुरुवात करू. शिझुओका हा फुजी पर्वताच्या पायथ्याचा प्रांत दशकानुदशके उत्पादनात पहिला होता. २०२४ च्या आकडेवारीत दक्षिणेकडील कागोशिमाने कच्च्या चहाच्या उत्पादनात त्याला मागे टाकले. कागोशिमाचे मळे बरेचसे सपाट असल्याने तिथे बसून चालवायची खुडणीयंत्रे चालतात. शिझुओकाच्या डोंगरउतारांवर ती चालत नाहीत आणि तिथले शेतकरीही वयस्कर होत चालले आहेत. चवीच्या दृष्टीने पाहता कागोशिमाचा चहा गडद, गोड व भरदार, तर शिझुओकाच्या डोंगराळ भागातला सुगंधी आणि किंचित तुरट, असे ढोबळमानाने म्हणता येते. फुकुओका प्रांतातील यामे हे ग्योकुरोसाठी नावाजलेले आहे. तिथल्या गवताच्या छपराखाली वाढवलेल्या, हाताने खुडलेल्या पारंपरिक ग्योकुरोला २०१५ मध्ये जपानच्या भौगोलिक मानांकनाची पहिल्या तुकडीतली नोंदणी मिळाली. आइची प्रांतातील निशिओ माचासाठी, तर सागा प्रांतातील उरेशिनो वळणदार पानांच्या तामार्योकुचासाठी ओळखले जाते.

आणि उजी. क्योटोजवळच्या या गावाचे नाव जपानी चहात सर्वांत महाग आहे आणि म्हणूनच त्याचा नेमका अर्थ माहीत असायला हवा. क्योटोच्या चहा व्यापारी संघाच्या व्याख्येनुसार क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांत पिकलेला, पण क्योटोतील व्यापाऱ्याने क्योटो प्रांतातच अंतिम प्रक्रिया केलेला चहा 'उजी चहा' म्हणून विकता येतो. क्योटोच्या पानांना प्राधान्य द्यावे एवढी त्यात अपेक्षा आहे. ही फसवणूक नव्हे, व्याख्याच तशी आहे. देवगडच्या नावाने भलत्याच ठिकाणचा आंबा पेटीत निघाला तर आपण चिडतो. इथे मात्र नावातच चार प्रांत सामावले आहेत. पान उजीच्याच परिसरातले हवे असेल तर वाझुका, उजितावारा, मिनामि यामाशिरो अशी गावांची नावे शोधावीत. त्यांतले वाझुका हे क्योटो प्रांतातले मोठे चहाचे गाव असून तिथले काही मळेवाले थेट परदेशी ग्राहकांना चहा पाठवतात.

झाडाची जात हा तपशील वाइनच्या द्राक्षांइतकाच महत्त्वाचा असून सर्वांत दुर्लक्षित आहे. जपानमधील बहुसंख्य मळे याबुकिता या एकाच जातीचे आहेत. सुगियामा हिकोसाबुरो या शिझुओकाच्या शेतकऱ्याने ती १९०८ मध्ये निवडली आणि १९५३ मध्ये तिची अधिकृत नोंदणी झाली. थंडीला तोंड देणारी, भरपूर पिकणारी, चवीला समतोल अशी ही जात आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने याबुकितापासूनच सुरुवात करावी, म्हणजे पुढच्या तुलनेला आधार मिळतो. त्यानंतर तुरटपणा नको असेल तर साएमिदोरी, सौम्य व स्थिर चव हवी असेल तर ओकुमिदोरी, उमामीची आवड जडली तर आसात्सुयु. उजीकडच्या सावलीतल्या चहांत गोकोउ आणि सामिदोरी ही नावे दिसतात.

खुडणीचा काळ हा कदाचित सर्वांत निर्णायक मुद्दा. वर्षातली पहिली खुडणी कागोशिमात एप्रिलमध्ये आणि शिझुओका-क्योटोकडे एप्रिलअखेर ते मे महिन्यात होते. वसंतारंभापासूनची अठ्ठ्याऐंशीवी रात्र, म्हणजे मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेचा सुमार, हा जपानमध्ये नव्या चहाचा पारंपरिक मुहूर्त. हिवाळाभर झाडाने साठवलेले थिआनिन या पहिल्या पानांत असते. जून-जुलैमधली दुसरी खुडणी आणि त्यानंतरच्या खुडण्या अधिक तुरट व स्वस्त असतात. पानावर खुडणी दिलेली नसेल आणि किंमत कमी असेल तर चहा पुढच्या खुडणीचा आहे असे धरून चालावे. तो वाईट नसतो. पहिल्या खुडणीच्या भावाने घेणे तेवढे वाईट.

मे-जूनमध्ये 'शिंचा' म्हणून जो नवा चहा विकला जातो, त्याच्या ताजेपणाला वेगळाच सुगंध असतो. ग्योकुरो आणि चांगला माचा मात्र काही महिने मुरवून शरद ऋतूत विकण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे मे महिन्यात ताज्या ग्योकुरोसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

वाफवण्याच्या कालावधीवरून सेंचाचे दोन मुख्य गट पडतात. तीस-चाळीस सेकंद किंवा त्याहून कमी वाफवलेल्या चहाचे पान सुईसारखे लांब राहते, रंग फिकट सोनेरी-हिरवा येतो, सुगंध टिकतो. मिनिटभर किंवा त्याहून अधिक वाफवलेल्या चहाला फुकामुशी म्हणतात. त्याचे पान मोडते, पाकिटात बरीच भुकटी दिसते आणि कपात गढूळ, गडद हिरवा, मऊ चवीचा अर्क उतरतो. फुकामुशीचे पाकीट उघडून 'चुरा पाठवला' अशी तक्रार करणारे ग्राहक नेहमीच भेटतात. तो चुरा नव्हे, ती त्या प्रकाराची ओळख आहे. ज्यांच्या शहरात पाणी जड आहे त्यांना फुकामुशी अधिक साथ देतो.

एकाच मळ्याचा, एकाच जातीचा चहा नेहमीच मिश्र चहापेक्षा श्रेष्ठ, हा समज इंग्रजीतल्या विक्रेत्यांनी जोपासला आहे. जपानमध्ये निरनिराळ्या मळ्यांतील पाने जुळवून दरवर्षी तीच चव राखणे ही चहा व्यापाऱ्याची खरी कला मानली जाते. क्योटोतील १७१७ मध्ये सुरू झालेल्या इप्पोदोसारख्या पेढ्यांची प्रतिष्ठा अशा मिश्रणांवरच उभी आहे. एकेरी चहात विविधता मिळते, मिश्रणात भरवसा. रोजच्या पिण्यासाठी भरवसा अधिक कामाचा.

माचा : टंचाई आणि नावांचा बाजार

गेल्या काही वर्षांत ऑनलाइन चहाविक्रीतला सर्वाधिक गोंधळ माचाभोवती आहे. २०१० ते २०२३ या काळात जपानमधील तेंचाचे उत्पादन सुमारे तिप्पट झाले, तरी मागणी त्याच्याही पुढे गेली. समाजमाध्यमांवरील लोकप्रियता, स्वस्त येन आणि २०२४ मध्ये जपानला भेट देणाऱ्या साडेतीन कोटींहून अधिक परदेशी पर्यटकांची खरेदी यांचा ताण एकत्र आला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत इप्पोदो आणि उजीची मारुक्यु कोयामाएन या नामांकित पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालाव्या लागल्या. २०२५ च्या वसंतात क्योटोच्या लिलावात तेंचाचे भाव विक्रमी चढले. नवे झाड लावल्यापासून पूर्ण खुडणीला येईपर्यंत साधारण पाच वर्षे जातात, म्हणजे ही टंचाई एका मोसमात संपणारी नाही. अनेक शेतकरी सेंचाचे मळे तेंचाकडे वळवत असल्याने सेंचाच्या किमतीही वर सरकू लागल्या आहेत.

टंचाईच्या काळात बाजारात काय येते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. 'सेरेमोनियल ग्रेड' ही पाकिटावरची पदवी मुख्यतः परदेशी बाजारासाठी तयार झाली असून जपानच्या कायद्यात तिची कोणतीही व्याख्या नाही. कोणीही ती कोणत्याही भुकटीवर छापू शकतो. जपानी पेढ्या माचाची वर्गवारी वेगळी करतात: कोइचा, म्हणजे दाट ढवळण्यास योग्य असा उच्च प्रतीचा, उसुचा, म्हणजे पातळ फेसाळ चहासाठीचा, आणि स्वयंपाकासाठीचा. विक्रेता या भाषेत बोलत असेल तर त्याचा माल कोठून येतो हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता अधिक.

दुसरी अडचण म्हणजे माचा नसलेला माचा. उन्हात वाढलेल्या साध्या चहाची भुकटी, तिला जपानमध्ये फुनमात्सुचा असे वेगळे नाव आहे, 'माचा पावडर' म्हणून सर्रास विकली जाते. घटकांच्या यादीत साखर किंवा दूध पावडर असेल तर ते पेय-मिश्रण होय. रंग ही बऱ्यापैकी विश्वासार्ह कसोटी आहे: सावलीतल्या पानाचा माचा तेजस्वी हिरवा असतो, पिवळट किंवा शेवाळी छटा असेल तर पान जून, उन्हातले किंवा माल जुना. मात्र संगणकाच्या पडद्यावरचे छायाचित्र रंग खुलवून लावलेले असू शकते, त्यामुळे ही कसोटी पाकीट हाती आल्यावरच लावता येते. म्हणून पहिली खरेदी नेहमी २० किंवा ३० ग्रॅमच्या डब्याचीच करावी.

दळण्याचा वेगही किंमत समजून घ्यायला मदत करतो. दगडी जाते तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम माचा देते. जोरात फिरवले तर घर्षणाच्या उष्णतेने सुगंध उडतो. तीस ग्रॅमच्या डब्यामागे एका जात्याचा पाऊण तास असतो. यंत्रगिरणीत दळलेला माचा दुधात किंवा केकमध्ये चालतो, आणि तिथे दगडी जात्यावरचा माचा वापरणे म्हणजे पुरणपोळीला केशराचे पाणी लावण्यासारखे आहे. एका वाटीला दोन ग्रॅम या हिशेबाने तीस ग्रॅममध्ये पंधरा वाट्या होतात.

नावाजलेल्या पेढ्यांचे डबे तिऱ्हाईत पुनर्विक्रेते दुप्पट-तिप्पट भावाने विकताना दिसतात. डबा खरा असला तरी तो किती महिने कुठल्या गोदामात होता हे कळायला मार्ग नसतो. मूळ पेढीकडे माल संपला असेल तर तिच्याच कमी प्रसिद्ध मिश्रणाकडे वळावे, किंवा निशिओ, यामे आणि कागोशिमाच्या माचाचा विचार करावा.

कोणाकडून घ्यावा

खरेदीचे तीन मार्ग आहेत. जपानमधून थेट पाठवणारी पेढी किंवा मळेवाला. आपल्याच देशात साठा ठेवणारा विशेष चहाविक्रेता. आणि सर्व काही विकणारी मोठी बाजारपेठ. तिसऱ्या मार्गाने घेताना विक्रेता आणि उत्पादक एकच आहेत का, एवढे तरी पाहावे, आणि वापरण्याची अंतिम तारीख आगाऊ विचारावी. जपानी हिरव्या चहाला साधारणतः सहा महिने ते वर्षभराची मुदत दिलेली असते; हाती आल्यावर दोन महिनेच उरले असतील तर तो माल परत करण्यालायक आहे.

थेट जपानमधून मागवण्यात ताजेपणा व निवड दोन्ही मिळतात, पण टपालखर्च कधीकधी चहाइतकाच होतो. जपानमध्ये शंभर ग्रॅम चांगला रोजचा सेंचा ढोबळमानाने हजार ते दीड हजार येनला मिळतो. दोन हजारांच्या पुढे चवीतली वाढ किमतीच्या मानाने कमी होत जाते. दीड हजार येनच्या पाकिटात पाच ग्रॅमच्या वीस किटल्या होतात, प्रत्येक किटलीतून तीनदा चहा निघतो, म्हणजे छोट्या साठ कपांना कपामागे २५ येन. टपालखर्च वाटून घेण्यासाठी चार कुटुंबांनी मिळून मागवणे ही परदेशातल्या मराठी मंडळांची नैसर्गिक प्रवृत्ती आहे आणि ती योग्यच आहे. मात्र वर्षभराचा साठा एकदम मागवणे टाळावे. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आणि चहाची ऑर्डर यांत हा फरक आहे की चकली महिनाभर खुसखुशीत राहते, उघडलेला सेंचा राहत नाही.

सीमाशुल्काचे नियम देशागणिक निराळे आहेत आणि हल्ली झपाट्याने बदलतात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्या सुमारास जपानच्या टपाल खात्याने अमेरिकेकडे जाणारी बरीच पार्सले काही काळ स्वीकारलीच नाहीत. त्यामुळे अमेरिकेतील ग्राहकाने सर्व शुल्क किमतीतच धरले आहे की कुरिअर दारात मागणार आहे, हे ऑर्डर देण्यापूर्वी पाहावे. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून लहानातल्या लहान पार्सलवरही मूल्यवर्धित कर लागतो. ब्रिटनमध्ये चहा हा शून्य दराच्या खाद्यपदार्थांत मोडतो, तरी कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क वेगळे असते. आखातातील वाचकांसाठी शुल्कापेक्षा उन्हाचा प्रश्न मोठा: जुलै-ऑगस्टमध्ये तापलेल्या गाडीत दोन दिवस पडून राहिलेला माचा रंग आणि वास दोन्ही गमावतो. शक्यतो ऑक्टोबरनंतर मागवावा.

युरोपातल्या ग्राहकांसाठी आणखी एक मुद्दा कीटकनाशकांचा आहे. चहावरील काही कीटकनाशकांच्या अंशाची जपानमधील मर्यादा युरोपीय संघापेक्षा बरीच सैल आहे. तो चहा जपानमध्ये कायदेशीर असतो, युरोपात अडतो. म्हणून युरोपला माल पाठवणारे उत्पादक अनेकदा सेंद्रिय किंवा खास निर्यातीसाठी वाढवलेला चहाच देतात. जपानी सेंद्रिय प्रमाणपत्राचे चिन्ह जास या नावाने ओळखले जाते. सेंद्रिय चहात नत्रखताची मात्रा बेताची असल्याने उमामी थोडी कमी लागते, सुगंध मात्र अनेकदा अधिक स्वच्छ असतो. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर शिझुओकापर्यंतच्या काही चहांत किरणोत्सारी सीझियम आढळले होते. एप्रिल २०१२ पासून जपानमध्ये पिण्याच्या चहासाठी किलोमागे १० बेकरेल ही कडक मर्यादा आहे, आणि आता या कारणासाठी एखादा प्रांत टाळण्याची गरज उरलेली नाही.

पाणी, किटली, कॅफिन

महागडा सेंचा कडू लागला अशी तक्रार आली तर दहापैकी नऊ वेळा दोष पाण्याच्या तापमानाचा असतो. उकळत्या पाण्यात कॅटेचिन भराभर उतरते. थिआनिन थंड पाण्यातही उतरते. सेंचाला ७० ते ८० अंशांचे पाणी व एक मिनिट, ग्योकुरोला ५० ते ६० अंश व दोन-अडीच मिनिटे, होजिचा व गेनमाइचाला उकळते पाणी व अर्धा मिनिट. तापमापक नसेल तर उकळलेले पाणी एका कपातून दुसऱ्या कपात ओतावे. प्रत्येक ओतण्याला सुमारे दहा अंश उतरतात. दुसऱ्या वेळी पाने उमललेली असतात, तेव्हा दहा-पंधरा सेकंद पुरतात. फ्रीजमध्ये लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सेंचा चार-पाच तास ठेवला तर कडवटपणा जवळजवळ नसलेला थंड चहा मिळतो. दुबई-मस्कतच्या उन्हाळ्यात याहून चांगले पेय शोधावे लागेल.

जपानमधील पाणी मृदू आहे आणि तिथला चहा त्याच पाण्याला धरून तयार होतो. न्यूयॉर्कचे नळाचे पाणीही मृदू असल्याने तिथे अडचण येत नाही. लंडनच्या चुनखडीयुक्त जड पाण्यात मात्र उत्तम सेंचाही मलूल होतो. तिथे गाळणीचा जग किंवा कमी क्षारांचे बाटलीबंद पाणी वापरल्याने जो फरक पडतो, तो दुप्पट किमतीचा चहा घेऊनही पडत नाही. दांडा बाजूला असलेली क्यूसु ही जपानी किटली सुंदर असते, पण पहिल्या पाकिटाबरोबर ती घेण्याची निकड नाही. बारीक जाळीची कोणतीही लहान किटली चालते. साखळीला लटकणारी गोळ्याच्या आकाराची गाळणी तेवढी टाळावी. पानांना तिच्यात उमलायला जागा नसते.

जपानच्या खाद्यघटक तक्त्यांनुसार १०० मिलिलिटर सेंचात सुमारे २० मिलिग्रॅम कॅफिन असते, कॉफीत ६०, आणि ग्योकुरोच्या दाट अर्कात तब्बल १६०. ग्योकुरो घोट-दोन घोटच पितात ते उगाच नव्हे. हिरव्या चहाने वजन उतरते, आजार बरे होतात अशी आश्वासने देणाऱ्या विक्रेत्याकडून चहा न घेतलेला बरा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेला इशारा हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबाबत, दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेण्याबाबत होता; किटलीतला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षितच मानला जातो. चहातील कॅटेचिन अन्नातील, विशेषतः शाकाहारी अन्नातील लोह शोषण्यात अडथळा आणते. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर चहा न घेता तासाभराने घ्यावा. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर माचा रोज पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण त्यात संपूर्ण पान पोटात जाते आणि पानात के जीवनसत्त्व असते.

पाकीट घरी आल्यावर न उघडता फ्रीजमध्ये ठेवले तर काही महिने उत्तम टिकते. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा दिवस, फोडू नये. नाहीतर हवेतील दमट बाष्प थंड पानांवर बसते आणि चहा त्याच दिवशी म्हातारा होतो. उघडलेला सेंचा महिन्याभरात, माचा त्याहूनही लवकर संपवावा, आणि पाकीट मसाल्यांच्या कपाटात ठेवू नये, कारण चहा हिंग आणि गोड्या मसाल्याचा वास फार लवकर उचलतो. राहून गेलेला शिळा सेंचा फेकण्याची गरज नाही: तो कोरड्या तव्यावर मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतला की घरच्या घरी होजिचा तयार होतो.